पंचवीस शब्दांचा धवला

पनवेलला उरण नाक्याच्या मासळी बाजारात कृष्णाबाई कोळणीचा आवाज एवढा मोठा होता, की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे रिक्षातून उतरतानाच त्याला पापलेटचा भाव कळायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाई कुणाशी तरी भांडतेय. जुन्यांना ठाऊक होतं, की बाईला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तो चढवत चढवत तिनं इथवर आणलाय. हे तिच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती.

कानाचं हे दुखणं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कृष्णाबाईची आजी म्हातारपणी बहिरी झाली, आई पन्नाशीतच ठार बहिरी झाली आणि कृष्णाबाईचं चाळिशीला सुरू झालं. आधी चिमण्यांचा चिवचिवाट गेला, मग मोबाइलची रिंग गेली, मग बायकांची कुजबुज. कुजबुज गेली त्याचं तिला सगळ्यात जास्त लागलं, कारण बाजारातली खरी बातमी कुजबुजीतच असते. तेव्हापासून ती माणसांची तोंडं वाचायला शिकली. समोरचा तोंडावर हात ठेवून बोलला, की ती सरळ त्याचा हात खाली करायची, मग तो नगरसेवक का असेना.

आणि तिची एकुलती एक लेक किशोरी नेमक्या याच दुखण्यावर संशोधन करत होती.

पनवेलच्या कोळीवाड्यातली पहिली पीएचडी. कृष्णाबाई हे गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय सांगायची. गिऱ्हाईक बोंबलाच्या वाट्यावर बोट ठेवून उभं असायचं आणि कृष्णाबाई त्याला कानाच्या आतली रचना समजावत असायची. "कानाच्या पार आत बारीक बारीक केसं असतान. आवाज आला का ती हलतान आन डोक्याला निरोप देतान. मानसाची ती केसं एकदा मेली का परत येत नाय. पन मावऱ्याची येतान. या बोंबलाचा कान गेला आसता त पुन्ना आला आसता. मी जल्मभर ज्याला कापला तो माझ्यापेक्षा नशीबवान, बग." गिऱ्हाईक हसायचं. कृष्णाबाई हसायची नाही. जे माशाला जमतं ते माणसाला जमवायचं, हेच तिची पोरगी प्रयोगशाळेत करतेय, हे तिला अगदी पक्कं कळलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या दिवाळीत किशोरीनं आईला समोर बसवून एक गोष्ट सांगितली होती. तिनं स्वतःचे कान तपासले होते. वरच्या पट्टीतले आवाज जायला लागले होते. आईला चाळिशीत आलेलं दुखणं लेकीला तिशीतच गाठू पाहत होतं. किशोरीनं हे सांगितलं ते हवामानाचा अंदाज सांगावा तसं, आणि मग चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. कृष्णाबाईनं हातातली चकली ताटात परत ठेवली. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या कानांचं काही वाटेनासं झालं. औषध निघायला हवं आणि ते किशोरीचे कान जायच्या आत निघायला हवं, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात राहिली.

त्यामुळे नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलात औषधाची चाचणी सुरू होणार असं कळलं, तेव्हा कृष्णाबाई नवी साडी नेसून तयार झाली. किशोरीनं तिला दारातच थांबवलं.

"आये, तुला नाय घेता यायचा. घरच्या मानसाला घेतला त कोन इश्वास ठेवल?"

"मी खोटी हाय?"

"तू खोटी नाय. पन तू माझी आय हायेस."

कृष्णाबाईनं लेकीशी बोलणं टाकलं. दोन दिवस टाकलं. तिसऱ्या दिवशी तिचंच पोट दुखायला लागलं, तेव्हा तिनं दुसरा मार्ग काढला. आपण नाही, तर आपला बाजार. कोळीवाड्यात कानांची काय कमी होती? अर्ध्या लोकांची उमर बोटीच्या इंजिनाशेजारी गेलेली, उरलेल्यांची बर्फ फोडण्याच्या मशीनशेजारी. तिनं आठ जणींना पटवलं. नववा धर्मराज आपण होऊन आला.

धर्मराज पूर्वी करंजाच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. आता बाजाराच्या मागच्या अंगाला बर्फ विकायचा. कृष्णाबाईचं आणि त्याचं ओट्याच्या जागेवरून कधीतरी वाजलं होतं आणि ते दोघांनीही नीट जपून ठेवलं होतं. ती त्याला भावजी म्हणायची, तो तिला वैनी म्हणायचा आणि बर्फाखेरीज दोघांत काही देवाणघेवाण नव्हती.

चाचणी अशी होती. कानाच्या पडद्यातून सुई घालून आत औषध सोडायचं. काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत कुलपात. किशोरीलाही ठाऊक नाही, तिच्या साहेब असलेल्या डॉक्टर चारुता मॅडमनाही नाही. सुईच्या आधी एकदा आणि नंतर काही महिन्यांनी पुन्हा कान तपासायचे. तपासणी दोन तऱ्हेची. एकीत कानाला हेडफोन लावून बारीक बीप ऐकू आली की बटण दाबायचं. दुसरीत गोंगाटातून कुणीतरी एकेक शब्द म्हणायचं, तो ऐकून परत म्हणायचा. असे पंचवीस शब्द.

बाजारातून सगळ्यांत आधी गेली रमा. रमा कृष्णाबाईच्या शेजारच्या ओट्यावर बसायची, आणि पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही आगरी-कोळ्याच्या घरी हळद असली, की धवलारीण म्हणून तिलाच बोलावणं यायचं. धवले म्हणजे लग्नात गायची लांबलचक गाणी, एकेका विधीला एकेक. रमाला अक्षरओळख नव्हती, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले तिच्या तोंडात होते. एकदा कानावर पडलेली ओळ ती विसरायची नाही. कान जात चालले तरी आत साठवलेलं जात नव्हतं.

पहिल्या तपासणीहून रमा आली ती तोंड पाडून. "सात शब्द कलले गो. बाकीचा नुसता खरखर."

"कुठले सात?"

"चमचा. पायरी. कुलूप. मग लय वेलानं साखर..." रमानं सात शब्द घडाघड सांगितले, क्रमासकट.

दुसऱ्या दिवशी दुसरी गेली. तिला नऊ कळले होते, त्यातले चार रमापेक्षा वेगळे. तिसरीला आणखी वेगळे. कृष्णाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. शब्द तेच होते, सगळ्यांना तेच, एकापाठोपाठ एक, म्हणजे पुढच्या तपासणीलाही हेच येणार. आठ जणी जाऊन आल्या तोवर कोळंबी सोलता सोलता बाजारानं पंचवीसच्या पंचवीस शब्द जुळवले होते, आणि रमानं त्यांना चाल लावली होती.

"चमच्यामांगं वारा गो, वाऱ्यामांगं पायरी..." रमा सूर धरायची आणि बाकीच्या उचलून धरायच्या. खवले काढता काढता, बर्फ पसरता पसरता आठ जणींना तो धवला पाठ झाला. गिऱ्हाइकांना वाटायचं, कुणाचं तरी लग्न जवळ आलंय.

आता यात आपण काही वावगं करतोय असं कृष्णाबाईच्या मनातही आलं नाही. तिच्या हिशेबी ही किशोरीची परीक्षा होती. कोळीवाड्यात एकीच्या घरी कार्य निघालं, की दुसरीनं न सांगता पदर खोचायचा असतो. कुणाचा माल पडून राहिला, तर बाकीच्यांनी आपलं गिऱ्हाईक तिच्याकडे वळवायचं असतं. मग आपल्या पोरीच्या परीक्षेला आपण कमी पडायचं? औषध तर गुण देणारच होतं, पोरगी एवढी शिकलेली. आपण नुसता हातभार लावायचा. तिनं बायकांना वरून बजावलंही, "सगले बरोबर नका सांगू. एक-दोन चुकवा. नजर लागते."

धर्मराजनं मात्र गाणं शिकायला नकार दिला. "बायांची गानी मी कना बोलू? मना ऐकू येल त सांगन, नाय त नाय." कृष्णाबाईनं त्याच्याकडे पाठ फिरवली. या माणसाकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

सुया टोचून झाल्या, काही महिन्यांनी दुसरी तपासणी झाली आणि त्या आठवड्यात किशोरी बाजारात आली तीच धावत. चेहऱ्यावर एवढा आनंद, की कृष्णाबाईला ओठ वाचावे लागले नाहीत.

"आये, शब्द वारले, जास्ती कलाया लागले. सात-सात, आठ-आठ कलायचे त्यांना आता बावीस-तेवीस कलतान. चारुता मॅडम बोलतान, असा आकडा त्यांनी आजवर पायला नाय."

कृष्णाबाईनं लेकीची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली, तेही मासळीच्या हातांनी. किशोरीच्या गालाला खवले चिकटले. आठ जणी एकमेकींकडे बघून गालात हसत होत्या. बातमी कोळीवाड्यात गेली. मंडळानं फ्लेक्ससाठी किशोरीचा फोटो मागून नेला. कृष्णाबाईनं मिठाईवाल्याला पेढ्यांचं सांगून ठेवलं. शनिवारी हॉस्पिटलच्या सभागृहात मोठी बैठक होती. डॉक्टर येणार होते, पुढच्या मोठ्या चाचणीला निधी देणारी माणसं येणार होती, चारुता मॅडमच्या शेजारी उभं राहून किशोरी कुलूप उघडायच्या आधीचा निकाल मांडणार होती, आणि चाचणीत भाग घेतलेल्यांना शाल-श्रीफळ मिळणार होतं.

एकच बारीक गोष्ट किशोरी जेवताना बोलून गेली. बीप मात्र वाढल्या नव्हत्या. बटण दाबायच्या तपासणीची सरासरी होती तिथेच होती. "मॅडम बोलतान, आधी शब्द सुदारतान, मग बीप. तसा व्हत आसल," असं म्हणून तिनं भात कालवला आणि बराच वेळ नुसताच कालवत बसली. कृष्णाबाईनं तिच्या पानात आणखी एक तुकडी वाढली. बीपचं काय एवढं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी दुपारी बाजार उतरत आलेला होता. रमा मागच्या अंगाला, बर्फाच्या गाळ्याजवळ पाटावर बसून उरलेली कोळंबी निवडत होती. तिच्या पाठीमागून बर्फाचा टेंपो रिव्हर्स येत होता. ड्रायव्हरला पाटावरची बुटकी बाई दिसत नव्हती. टेंपोचा रिव्हर्सचा पीं-पीं आवाज कृष्णाबाईला काही ऐकू येत नव्हता, पण मागचा लाल दिवा लुकलुकताना तिला दिसला, आणि टेंपो व रमाची पाठ यांच्यातलं घटत चाललेलं अंतरही दिसलं. तिनं तोंड उघडलं. तिचा आवाज फुटायच्या आतच पलीकडे पाठमोरा उभा असलेला धर्मराज गर्रकन वळला, त्यानं दोन ढांगांत येऊन रमाला दंडाला धरून ओढलं आणि टेंपोच्या फळीवर थाप मारली. पाटाचा चुरा झाला. कोळंबी चिखलात गेली.

रमा खाली बसून चिखलातली कोळंबी वेचायला लागली. कृष्णाबाई तिला पाणी पाजत म्हणाली, "एवरा पीं-पीं करत आला, तुला ऐकू नाय आला?"

"मना कवा ऐकू येत व्हता?" रमा म्हणाली.

"आगो, पन तुझे तेवीस शब्द आले ना."

रमानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही कृष्णाबाईच खुळी आहे. "ते त पाठ हायेत. मी मशिनीत एक शब्द ऐकला नाय. खरखर थांबली का पुरचा शब्द बोलायचा, पुन्ना थांबली का त्याच्या पुरचा. तूच शिकवलास ना? पोरीचा नाव झाला, बास झाला. माझे कान गेले त गेले."

कृष्णाबाईनं उरलेल्या सात जणींना एकेक करून विचारलं. समोरून नाही, पाठीमागून. एकीच्या पाठीशी उभं राहून तिनं नाव घेतलं, ती वळली नाही. दुसरी वळली नाही. तिसरी वळली, पण ती पहिल्यापासूनच जरा बऱ्यातली होती. विचारून झाल्यावर कृष्णाबाई आपल्या ओट्यावर येऊन बसली. गिऱ्हाईक आलं, त्यानं सुरमई किती म्हणून विचारलं आणि उत्तर न मिळाल्यामुळे निघून गेलं. असं या ओट्यावर कधी घडलं नव्हतं.

मग औषधानं काहीच केलं नव्हतं? जो आकडा चारुता मॅडमनी आजवर पाहिला नव्हता, तो आपल्या आठ जणींच्या धवल्याचा आकडा होता? उद्या ती सगळी मोठी माणसं माना डोलावतील, निधी देतील, औषध कारखान्यात बनेल, बाटलीत भरलं जाईल. आणि मग एक दिवस किशोरीचे कान गेले की तिच्याही कानात तेच सोडतील. पाणी. ते टोचून घेऊन पोरगी वाट बघत बसेल. आपण लावलेला हातभार आपल्याच लेकीच्या कानाशी येऊन थांबणार, हे तिला लख्ख दिसलं.

तिनं ओटा झाकला, रिक्षा पकडली आणि तशीच, कमरेला कोयता खोचलेला, अंगाला मासळीचा वास, नवीन पनवेलच्या हॉस्पिटलात गेली. वॉचमननं काही विचारलं, ते तिनं वाचलंच नाही. किशोरी तिच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर उद्याची तयारी करत होती. पडद्यावर बीपची निळी रेघ सपाट चालली होती आणि शब्दांची एकदम उंच उठलेली होती.

कृष्णाबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चमच्यापासून. मधेच आवाज एवढा चढला, की बाजूच्या खोलीतली दोन माणसं डोकावून गेली. किशोरीनं त्यांना हातानं जा म्हटलं. ऐकताना तिचा चेहरा पांढरा पडत गेला. सगळं सांगून झाल्यावर तिनं पडद्यावरच्या त्या उंच उठलेल्या रेघेकडे पाहिलं.

"मना वाटतच व्हता," ती हळूच म्हणाली, मग आईला ऐकू आलं नसणार म्हणून तिच्याकडे वळून, तोंड नीट उघडून पुन्हा म्हणाली. "बीप वारल्या नव्हत्या, आये. रोडपालीचे, खारघरचे, बाकीचे कुनाचेच शब्द एवरे वारले नव्हते. नुसत्या बाजारातल्यांचे वारले. मी सोताला समजावत बसलू, का तुमचे कान इंजिनानं गेलेले, म्हनून औषध लवकर लागू परला. मना पन तो आकडा खरा पायजे व्हता ना."

तिचे डोळे भरून आले. ते पाहून कृष्णाबाईचा निर्धार विरघळला. पोरीची इतक्या वर्षांची मेहनत, फ्लेक्स, मॅडम, उद्याची ती सगळी माणसं. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाव दे. नको सांगू. उंद्या होवन जाव दे. मंग पुरच्या येली नीट करा. मी सगल्यांना ताकीद देन."

"तू कना आलीस मग इथपत्तूर?"

कृष्णाबाईनं कमरेचा कोयता उगाच पुन्हा नीट खोचला.

"तुला सांगवत नव्हता, तरी तू सांगितलास," किशोरी डोळे पुसत म्हणाली. "मग मना पन सांगायला पायजे."

ती उठली आणि चारुता मॅडमच्या खोलीत गेली. दार बंद झालं. कृष्णाबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. काचेतून तिला मॅडमची पाठ आणि किशोरीचं तोंड दिसत होतं. किशोरी म्हणत होती, यादी एकच ठेवली ही आपली चूक. किशोरी म्हणत होती, उद्या मीच सांगते. मॅडमनी कपाळ धरलं, आणि मग होकाराची मान हलवली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत कोट घातलेली माणसं. मागच्या दोन रांगांत उरण नाक्याचा बाजार, नऊवारीत आणि वेण्या माळून. आठ जणींना कृष्णाबाईनं सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्यातल्या दोघी रडल्या होत्या, आणि रमा म्हणाली होती, "आपुन न्हाय गेलू त पोरगी एकली परल." म्हणून सगळ्या आल्या होत्या. टेबलावर शालींचा ढीग होता आणि त्याकडे बघायची कुणाचीच हिंमत नव्हती.

किशोरी व्यासपीठावर आली. तिनं माइक हातात घेतला आणि तो तोंडासमोर न धरता जरा खाली, हनुवटीशी धरला. आई मागच्या रांगेत आहे, तिला ओठ दिसले पाहिजेत, एवढ्यासाठी. कोटवाल्यांपैकी एकानं आवाज नीट येत नाही अशी खूण केली. तिनं आवाज वाढवला, माइक वर घेतला नाही.

"आज मी तुम्हाला आमचा चांगला निकाल दाखवणार होते," ती म्हणाली. "तो निकाल खरा नाही. काल दुपारी मला हे कळलं." मग तिनं पडद्यावर ती उंच उठलेली रेघ दाखवली आणि ती कशी उठली ते सांगितलं. शब्दांची यादी दोन्ही वेळेला तीच ठेवली होती, क्रमही तोच, कारण मराठीत रेकॉर्ड केलेली दुसरी यादी आमच्याकडे नव्हती आणि ती करायला आम्ही थांबलो नाही. बीप वाढल्या नव्हत्या, ते आम्हाला दिसत होतं आणि आम्ही त्याला कारण शोधत बसलो. "चूक या बायकांची नाही. पाठ करता येईल अशी परीक्षा आम्ही ठेवली."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कृष्णाबाईला ती ऐकू आली नाही, पण पाठी आणि माना हलताना दिसल्या. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला उठून काहीतरी विचारत होता. त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं, म्हणून तिनं रमाच्या शेजारच्या, जरा बऱ्या कानांच्या बाईला कोपर मारलं. तिनं सांगितलं, "विचारतंय, कोनी शिकवला?"

कृष्णाबाई उभी राहिली. "मी शिकवला," तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे माइकची गरज नसलेल्या आवाजात ती म्हणाली. "मी तिची आय. पोरीची परीक्षा हाय आसा मना वाटला. तिला काय म्हाईत नव्हता. काल मी सांगितला, आन आज ती तुमाला सांगते. मंदी एक दिस पन जाव दिला नाय."

ती खाली बसली.  चष्मेवाला वळून तिच्याकडे पाहत राहिला. मग तो आपल्या जागी बसला आणि त्यानं किशोरीला विचारलं, पुढे काय; हे कृष्णाबाईनं किशोरीच्या उत्तरावरून ताडलं. किशोरी म्हणाली, "नव्या शब्दांवर सगळ्यांची पुन्हा तपासणी. दरवेळी वेगळे शब्द, वेगळा क्रम. आकडा जो येईल तो." चारुता मॅडम उठून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण माणसं उठून गेलीही नाहीत, आणि तासभर प्रश्न विचारत बसली.

कृष्णाबाईला त्यातलं निम्मंही कळलं नाही. ती नुसती बघत होती. एवढ्या सगळ्या शिकलेल्या लोकांसमोर तिची पोरगी ताठ उभी होती, घाम पुसत नव्हती, खाली बघत नव्हती, आणि जे माहीत नाही त्याला सरळ माहीत नाही म्हणत होती. कृष्णाबाईला पीएचडीच्या दिवशी अभिमान वाटला होता, झगा आणि टोपी बघून. आज वाटला तो निराळा होता. छाती अशी भरून आली, की चोळीची गाठ तटातटा तुटेल असं तिला वाटलं. ही माझ्या पोटची, असं तिनं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं ते पनवेल कोळीवाड्यात किशोरीच्या जन्मापासून ऐकलेलं होतं, तरी तिनं मान डोलावली.

नवी तपासणी व्हायला उन्हाळा उजाडला. आठ जणी मुकाट जाऊन बसल्या आणि कळले तेवढेच शब्द म्हणाल्या. रमाचे सात आले. निधी देणाऱ्यांनी मोठी रक्कम लांबणीवर टाकली, पण दार बंद केलं नाही. मग कुलूप उघडून कुणाला औषध मिळालं आणि कुणाला पाणी ते पाहिलं गेलं. रमाला औषधच मिळालेलं होतं, आणि त्यानं काहीही केलं नव्हतं. बहुतेकांचं तसंच. फक्त दोघांच्या कानात थोडा, अगदी थोडा फरक होता, शब्दांतही आणि बीपमध्येही, आणि तो आधीच्या तपासणीतही होता, आठ जणींच्या थोरल्या आकड्याखाली दबून गेलेला. एक रोडपालीचा रिक्षावाला. दुसरा धर्मराज.

"दोन मानसं म्हंजे पुरावा नाय, आये," किशोरी बाजारात येऊन सांगत होती. "पन पुन्ना विचारावा, एवरा हाय. धर्मामामांनी तुमचा गाना शिकला आसता त तेवरा पन कलला नसता."

कृष्णाबाईनं बर्फाच्या गाळ्याकडे पाहिलं. धर्मराज पाठमोरा उभा राहून फावड्यानं बर्फ ओढत होता. तिला तो टेंपो आठवला, आणि आपल्याआधी गर्रकन वळलेली ती पाठ. "भावजी," ती म्हणाली, मोठ्यानं नाही, माणसासारखं. धर्मराज वळला. मग तिनं नुसता बर्फ मागितला. त्यानं घमेलंभर जास्तच आणून टाकला.

मग ती लेकीकडे वळली. "मना सांग. तुझे कान जायच्या आंदी येल औषध?"

किशोरीनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठ नीट दिसावेत म्हणून. "म्हाईत नाय, आये."

कृष्णाबाईनं ते वाचलं. हे तीन शब्द कळून तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण ज्या दिवशी पोरगी "हो" म्हणेल, त्या दिवशी ते हो खरं असेल, हेही तिला त्याच वेळी कळलं.

किशोरी रिक्षात बसून गेली. एक नवं गिऱ्हाईक ओट्यापाशी आलं, पुण्याकडचं असावं, मासळीला बोट लावायला बिचकत होतं. कृष्णाबाईनं पदर खोचला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं, "औषध लागू नाय परला. ऐकलास कं? माझ्या किशोरीनं सोता सांगितला, सगल्यांच्या म्होरं, कोनी पकरायच्या आंदी."

गिऱ्हाईक गोंधळलं. "वाईट झालं," ते कसंबसं म्हणालं.

"वाईट कना? पेढं सांगितलं व्हतं, ते ऱ्हायलं," कृष्णाबाई म्हणाली, आणि तिनं मूठभर मांदेली उचलून त्याच्या पिशवीत टाकली. "ही घे. हिचं पैसं नाय."

शेजारच्या ओट्यावर रमानंही मूठ भरली होती, आणि तिच्या पलीकडचीनंही. गिऱ्हाईक बाजारातून बाहेर पडलं तेव्हा त्याची पिशवी मांदेलीनं भरली होती, आणि कसला आनंद साजरा होतोय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.